गाडी नवी, तपासणी फक्त धुराची

पेट्रोल पंपाच्या कोपऱ्यात, हवा भरायच्या मशीनशेजारी, एखादी जुनी ओम्नी उभी असते. काचेवर ठळक अक्षरांत ‘पीयूसी’. मागचं दार वर केलेलं, आत संगणक, प्रिंटर आणि लांब नळी जोडलेला एक खोका. नव्या गाडीच्या मालकाची या व्हॅनशी गाठ पडते ती गाडीच्या नोंदणीला वर्ष झाल्यावर. केंद्रीय मोटार वाहन नियम, १९८९ मधला ११५ वा नियम पहिलं वर्ष सूट देतो. पुढे बीएस-फोर आणि बीएस-सिक्स गाड्यांना दर वर्षी, त्याहून जुन्यांना दर सहा महिन्यांनी इथे यावं लागतं.

“पेट्रोल का डिझेल?” एवढंच ऑपरेटर विचारतो. पेट्रोल म्हटलं की नळीच्या टोकाची सळई सायलेन्सरमध्ये सरकवतो आणि नजर पडद्यावर लावतो. त्या खोक्याला ‘फोर गॅस अनालायझर’ म्हणतात. आत अवरक्त किरणांचा झोत असतो. कार्बन मोनॉक्साइड त्यातले ठरावीक तरंगलांबीचे किरण शोषून घेतो; पलीकडे किती पोचले यावरून तो धुरात किती आहे ते कळतं. हायड्रोकार्बन आणि कार्बन डायऑक्साइडही याच पद्धतीने मोजतात, ऑक्सिजनसाठी वेगळा सेन्सर असतो. आधी गाडी नुसती चालू ठेवून आकडा घ्यायचा: बीएस-फोरपासूनच्या पेट्रोल गाडीत कार्बन मोनॉक्साइड ०.३ टक्क्याच्या आत हवा. मग “जरा रेस करा.” काटा अडीच हजार फेऱ्यांच्या आसपास स्थिर धरायचा, आता मर्यादा ०.२ टक्के.

डिझेलचा प्रकार जरा धसमुसळा. तिथे धुरातून प्रकाश सोडून तो किती अडतो ते बघतात, आणि त्यासाठी ॲक्सिलरेटर तळापर्यंत दाबून सोडायचा, पुन्हा दाबायचा, पुन्हा सोडायचा. इंजिनाचा तो आक्रोश ऐकून मालकाचा जीव खालीवर होतो. जुन्या इंजिनाला हे सोसेलच असं नाही, त्यामुळे त्याची काळजी अगदीच खोटी नसते.

शेवटी नंबर प्लेटचा फोटो निघतो. हा फोटो उगाच नाही. पूर्वी गाडी घरी आणि प्रमाणपत्र हातात, असे व्यवहार सर्रास चालत. आता नोंद थेट ‘वाहन’ या सरकारी प्रणालीत जाते. प्रमाणपत्र नसेल तर कायद्यात दहा हजार रुपयांपर्यंत दंडाची तरतूद आहे.

गंमत अशी, की गाडी बीएस-सिक्स आणि धड असेल तर पडद्यावर बहुधा शून्याच्या आसपासचाच आकडा येतो. कॅटॅलिटिक कन्व्हर्टर तापला की कार्बन मोनॉक्साइडचं काम तमाम करतो. हे यंत्र कार्ब्युरेटरच्या, काळा-निळा धूर ओकणाऱ्या गाड्या पकडायला उत्तम होतं. आजच्या शहरी हवेत ज्यांची चर्चा होते ते नायट्रोजनचे ऑक्साइड आणि अतिसूक्ष्म कण ते मोजतच नाही.

पण माझी खरी तक्रार यंत्राबद्दल नाही. ते आपलं नेमून दिलेलं काम करतं. तक्रार आहे ती बाकी काहीच न बघण्याबद्दल. खासगी मोटारीची नोंदणी पंधरा वर्षांची असते, आणि तेवढा काळ ब्रेक, स्टिअरिंग, टायर तपासायला गाडी कुठे हजर करावी लागत नाही. टायरच्या खाचेत १.६ मिलिमीटर उंचीची झिजेची खूण असते. ती कोणी वाकून बघत नाही. पंधरा वर्षांनी पुनर्नोंदणीला गेलात की मग आरटीओचा निरीक्षक गाडीभोवती फिरतो, पुढची पाच वर्षं देतो. तोवर सगळी भिस्त मालकाच्या शहाणपणावर आणि मेकॅनिकच्या इमानावर.

पिवळ्या नंबर प्लेटवाल्यांना ही चैन नाही. टॅक्सी असो की ट्रक, आठ वर्षांची होईपर्यंत दर दोन वर्षांनी आणि नंतर दर वर्षी फिटनेस. त्यांच्या भाषेत ‘पासिंग’. पुण्याचे ट्रकवाले त्यासाठी घाट चढून दिवे गावच्या चाचणी-ट्रॅकवर जातात. तिथे गाडी पळवून ब्रेक खरोखर लागतात का ते बघतात. मॉडेल तेच, वर्ष तेच, पण एकीच्या ब्रेकची परीक्षा होते आणि दुसरीच्या फक्त धुराची. टॅक्सी जास्त पळते हे मान्य. पण पंधरा वर्षांत काहीच बघायचं नाही, हे त्यावरचं उत्तर होऊ शकत नाही. पाचव्या आणि दहाव्या वर्षी एकेकदा ब्रेक नि टायर बघितले, तरी पुष्कळ.

आता तर विजेवरच्या गाड्या आल्या. त्यांना सायलेन्सर नाही, म्हणून पीयूसीही नाही. म्हणजे आज घेतलेली खासगी इलेक्ट्रिक मोटार पंधरा वर्षांत सक्तीच्या एकाही तपासणीसाठी कुठे उभी राहणार नाही, पंपाच्या कोपऱ्यातल्या ओम्नीसमोरसुद्धा नाही.