धान्य होतं, दळण नव्हतं

2020च्या कोरोनाच्या टाळेबंदीत बुलडाणा जिल्ह्यात धान्याची टंचाई झाली असं कुणी म्हणालं, तर त्याला विचारावं, बाबा, त्या मार्चात तू होतास कुठं? 25 मार्चला देश बंद झाला, त्याच दिवशी गुढीपाडवा होता. तूर केव्हाच घरात आलेली, हरभरा नुकताच आलेला, गहू कुठं खळ्यावर तर कुठं ओसरीत. एरवी यातला बराच माल पाडव्याच्या आसपास बाजाराची वाट धरतो. त्या वर्षी बाजार समित्या बंद होत्या. हरभऱ्याचा हमीभाव क्विंटलला 4875 रुपये आणि तुरीचा 5800, पण खरेदी केंद्रच सुरू नसेल तर हमीभाव काय चाटायचा? माणसं पोत्यांना टेकून टीव्हीवर आकडे बघत बसली. धान्याची अडचण नव्हतीच, गाडं अडलं ते चक्कीपाशी.

सरकारच्या यादीत पिठाची चक्की अत्यावश्यक होती. पण यादी मुंबईत आणि चक्कीवाला गावात. मार्चच्या शेवटी बुलडाणा शहरात एक रुग्ण दगावला आणि मृत्यूनंतर त्याचा अहवाल पॉझिटिव्ह आला. ती बातमी कळली आणि घाटावरच्या गावांचे चेहरेच बदलले. शहरातल्या गल्ल्या बांबू बांधून बंद झाल्या, गावांनी वेशीवर काटेरी फांद्या आणून टाकल्या. आमच्या चक्कीवाल्यानं शटर ओढून घेतलं. त्याचंही खरं होतं. साऱ्या गावाचा डबा त्याच्या हाताखालून जातो, आणि चक्कीत उडणाऱ्या पिठात तोंडाला रुमाल बांधून किती वेळ उभं राहणार?

बऱ्याच मिनतवाऱ्या झाल्यावर चक्की सुरू झाली, ती तिच्या अटींवर. डब्यावर खडूनं नाव लिहायचं, ओट्यावर ठेवायचा आणि मागं सरायचं. न्यायला दुसऱ्या दिवशी यायचं. "आज ज्वारी, उद्या गहू," असं त्यानं भिंतीवरच लिहून टाकलं, म्हणजे घाण्यामागून घाणा बदलत बसायला नको. एका जातीचं धान्य सलग निघायचं. कुणाच्या ज्वारीत कुणाची ज्वारी थोडीफार मिसळायची, आणि एरवी त्यावरून भांडणाऱ्या बायाही गप्प बसायच्या.

यातून दोन भानगडी झाल्या. पहिली म्हणजे पुन्हा चक्की मिळेल न मिळेल म्हणून लोकांनी महिन्याचं दळण एकदम काढलं. गव्हाचं निभतं, ज्वारीचं निभत नाही. ज्वारीचं पीठ शिळं झालं की त्याची विरी जाते. ताज्या पिठाचा गोळा परातीत थापताना तळव्याखाली सरकत सरकत वाढतो, कड गुळगुळीत राहते. शिळ्या पिठाच्या गोळ्याला दुसऱ्या-तिसऱ्या थापेलाच कडेनं भेगा पडतात, आणि उचलायला गेलं की अर्धी भाकर हातात, अर्धी परातीत. एप्रिलच्या उन्हात पिठाला जाळी धरते ती वेगळीच. "पिठाले विरीच नाही राहिली, काय थापू कपाळ?" असं शेजारच्या काकू भिंतीपलीकडून ओरडायच्या, आणि माझी आई इकडून सांगायची, "आधन टाका हो, आधन!" म्हणजे उकळतं पाणी. पिठात आळं करून त्यात खळखळतं पाणी ओतायचं, उलथन्यानं फिरवायचं, झाकून ठेवायचं, आणि हाताला सोसेल इतकं निवलं की पोळत पोळत मळायचं. ऊन पाण्यानं पिठाला चिकटपणा येतो आणि भाकर तव्यापर्यंत तरी जाते. आईच्या बोटांची टोकं त्या उन्हाळ्यात कायम लालच असायची.

दुसरी भानगड दगडाची. चक्कीच्या दगडाला ठरावीक दिवसांनी टाकी मारावी लागते, म्हणजे छिन्नीनं त्याच्या खाचा पुन्हा उठवाव्या लागतात. हे काम करणारा माणूस गावोगाव फिरतो. तो कुठं अडकला होता कोण जाणे. दगड गुळगुळीत होत गेला आणि पीठ दिवसेंदिवस भरड निघायला लागलं. चक्कीतून निघाल्यावर हात घातला तर चटका बसेल इतकं गरम, आणि चाळलं तर निम्मं चाळणीत. त्या कणकेच्या पोळ्या कडक व्हायच्या आणि टोपलीत पडल्या पडल्या पापडासारख्या मोडायच्या.

त्याच दिवसांत इंग्लंडातल्या सुपरमार्केटांची पिठाची फडताळं रिकामी पडल्याच्या बातम्या येत होत्या. तिथंही गहू संपला नव्हता. त्या देशातलं बहुतेक पीठ बेकऱ्या आणि कारखान्यांना मोठ्या पोत्यांतून नाहीतर टँकरनं जातं. घरगुती छोट्या पिशव्यांतून दुकानात जातं ते जेमतेम 4 टक्के. सगळा देश एकदम घरी बसून पाव भाजायला लागला, तेव्हा गिरण्यांकडे पीठ होतं, पण छोट्या पिशव्या भरायची यंत्रं पुरेनात. वाचून मला आमचा चक्कीवाला आठवला. साखळीतला शेवटून दुसरा दुवा तुटला की मागं कितीही ढीग असो, ताटात काही येत नाही.

किराण्याची गोष्ट निराळी. तिथं गावाचे सरळ दोन भाग पडले. एक पोत्याचं घर आणि एक पुडीचं घर. पोत्याच्या घरात धान्य, डाळ, वर्षाचं तिखट, मुंगवड्या, वाळवलेली हरभऱ्याची भाजी, लसणाच्या माळा. त्यांची यादी लहान: तेल, साखर, चहापत्ती, मीठ, साबण. ती यादी कागदावर लिहून तिचा फोटो दुकानदाराला व्हॉट्सअॅपवर पाठवायची आणि थैली दारात घ्यायची. पुडीच्या घराचं तसं नाही. संध्याकाळी मजुरी हातात पडली की दहाचं तेल, पाचची चहापत्ती, पाचचं तिखट. मजुरी बंद म्हणजे पुडी बंद. शिवाय रोज थोडं थोडं घ्यायचं म्हणजे रोज बाहेर निघायचं, आणि रोज निघणाऱ्यालाच पोलिसांची काठी बसायची. दुकानापुढं चुन्याचे गोल आखले होते. त्या गोलांत सकाळभर उभी असायची ती बहुतेक पुडीची घरं. पोत्याची घरं घरात बसून "लोक ऐकतच नाहीत" असं म्हणत होती. मीही म्हणालो असेन.

दुकानदाराच्या उधारीच्या वहीला त्या दिवसांत जास्तीची पानं शिवावी लागली. तो गोणीतून साखर मापायचा, कागदाची पुडी बांधायचा आणि दोरा तोडून काठीला लावलेल्या टोपलीतून पुढं सरकवायचा. सगळ्यात मोठी मागणी कशाला होती हे लिहावं की नाही? तंबाखूला. तेलावाचून चार दिवस काढणारी माणसं तंबाखूच्या पुडीसाठी दुप्पट-तिप्पट पैसे मोजून, शेजारच्या गावातून शेताशेतानं चालत जाऊन आणत होती.

पुढं रेशनवर प्रधानमंत्री गरीब कल्याण योजनेचा माणशी 5 किलो तांदूळ फुकट आला. मे-जूनमध्ये केशरी कार्डांनाही गहू 8 रुपये आणि तांदूळ 12 रुपये किलोनं मिळाला. तांदूळ आला हे बरंच झालं, त्यावर चुली पेटल्या. पण आमचा मुलूख भाकरीचा. सहा माणसांच्या घरात 30 किलो तांदूळ येऊन पडला तेव्हा बायांनी आधी सकाळ-संध्याकाळ खिचडी केली, मग धिरडी केली, मग तांदळाचे पापड घातले. तरीही पोरं विचारायची, "माय, जेवण कवा?" भात खाऊन झालेला असायचा, पण भाकर पोटात गेली नाही तर ते जेवण झालं असं आमच्याकडे कुणी मानत नाही.

भाजीचं पुसू नका. आठवडी बाजार बंद झाल्यानं शेतात टमाटे सडत होते आणि गावात भाजी नव्हती. तेव्हा फुणके परत आले. तुरीची डाळ भिजवायची, भरड वाटायची, त्यात कांदा, हिरवी मिरची, लसूण, कोथिंबीर असेल तर कोथिंबीर, नसेल तर नाही. मुठीनं लांबट गोळे वळायचे आणि चाळणीत ठेवून वाफवायचे. वाफ बसली की डाळीचा कच्चा वास जातो आणि लसणाचा वर येतो. मग गोळा ताटात कुस्करून वरून गरम कढी. चहाची हॉटेलं बंद असल्यानं दूध पडून होतं, त्याचं दही लागत होतं, म्हणून ताकाला तोटा नव्हता. जिनसा सगळ्या घरच्या. तेल लागतं ते वरून घ्यायला चमचाभर.

एप्रिल हा आमच्याकडे कुरडया-पापडांचा महिना. जळगाव जामोद तालुक्यातल्या भेंडवळला अक्षय्य तृतीयेला जी घटमांडणी होते, तिच्यात अठरा धान्यांच्या जोडीला पापड, कुरडई, सांडोळीसुद्धा मांडतात. त्यावरून या कामाचा मान कळावा. हे काम एकटीचं नाही. गहू तीन दिवस भिजवायचा, रोज पाणी बदलायचं, वाटून गाळून सत्त्व, म्हणजे चीक, खाली बसू द्यायचं, हे एकटीला जमतं. पण चीक शिजवताना एकीनं ओतायचं आणि दुसरीनं घोटायचं, नाहीतर गाठी होतात. आणि चीक गरम आहे तोवर सोऱ्यातून पाडायला तिसरी लागते. एरवी आज हिच्याकडे, उद्या तिच्याकडे असा गल्लीचा फेरा चालतो. त्या साली नवऱ्यांना घोटायला बसवलं. माझ्याही हाती लाकडी चाटू आला. चीक पातळ असतो तोवर मौज वाटते. घट्ट होऊन त्याला चकाकी यायला लागली की चाटू जागचा हलत नाही, खांदे भरून येतात, आणि थांबलं की आईचा आवाज, "बुडाले लागू देऊ नको!" पडलेल्या कुरडया वेड्यावाकड्या होत्या. तळल्यावर फुलल्या मात्र सगळ्या.

मे महिन्यात पुण्या-मुंबईहून माणसं परतायला लागली. मी शिक्षक, माझी ड्युटी शाळेतल्या विलगीकरणावर लागली. डाव्या हातावर शिक्का, चौदा दिवस वर्गात मुक्काम, आणि घरून डबा. डबा फाटकाच्या आत दगडावर ठेवायचा आणि हाक मारून मागं जायचं. रिकामा डबा बाहेर पाठवायचा नाही, म्हणून लोक पळसाच्या पत्रावळीत नाहीतर जुन्या कॅरीबॅगेत बांधून आणायचे. रजिस्टर भरता भरता मला घरोघरची कोठी दिसत होती. पहिल्या दोन दिवसांत पुरणपोळी, आंब्याचा रस, कुरडया. पोरगं सुखरूप आलं म्हणून. मग वरण-पोळी. मग भाकर आणि शेंगदाण्याची चटणी. शेवटी शेवटी रेशनची खिचडी. ज्यांना गावात घरच उरलं नव्हतं, त्यांच्यासाठी बाकीचे आपल्यातलं बाजूला काढायचे. हे कुणी ठरवून दिलं नव्हतं, तिथल्या तिथंच जमत गेलं.

काहींनी शाळेऐवजी शेतातली खोपी पसंत केली. त्यात पुण्यात मेसचं जेवणारी तरणी पोरं होती. त्यांना गॅस नाही, पोळपाट नाही, सोबत घरून आलेली ती भरड कणीक, जिच्या पोळ्या मोडत होत्या. पण वऱ्हाडातल्या पुरुषाला काही येवो न येवो, गावच्या भंडाऱ्यात रोडगे भाजलेले असतात. कणकेत मीठ-ओवा घालून घट्ट मळायची, छोट्या पोळ्या लाटून मधे तेल लावत एकावर एक ठेवायच्या आणि बाहेरून आणखी एक पोळी गुंडाळून गोळा करायचा. लाटणं नसलं तर बाटली चालते. गोवऱ्या पेटवून धूर सरला आणि निखारे झाले की त्यात गोळे पुरायचे. मधूनमधून काडीनं उलटायचे, तडकले की काढायचे, फडक्यावर आपटून राख झाडायची. या कामाला भरडच पीठ लागतं, बारीक पिठाचा रोडगा आत कच्चा आणि चिवट राहतो. चक्कीचा दगड गुळगुळीत झाल्याचा फायदा झाला तो एवढ्या पोरांना. मी रस्त्यावरून हटकलं तर एक जण म्हणाला, "सर, वांग्याची भाजी तेवढी घेऊन या ना, बाकी समदं हाय."

2021च्या फेब्रुवारीत रुग्ण पुन्हा वाढले आणि निर्बंधही परत आले. या वेळी लोक आधी चक्कीवर धावले. ज्यांना परवडलं त्यांनी घरघंटी घेतली. पिठाचा प्रश्न मिटला आणि तेलाचा उभा राहिला. आमच्या जिल्ह्याचं खरिपाचं मोठं पीक सोयाबीन. 2020च्या हंगामात हमीभाव 3880 होता, आणि बहुतेकांनी दिवाळीच्या आगेमागे माल विकून टाकलेला. त्याच सोयाबीनचं तेल मे महिन्यात लिटरला दीडशेच्या वर गेलं. दुकानात दहाच्या तेलाचं माप बाटलीच्या बुडाशी दिसेनासं झालं. माझ्या शेजाऱ्यांनी पुढच्या रब्बीत हरभऱ्याच्या कडेनं तेलासाठी करडीच्या चार ओळी पेरल्या. पीक चांगलं आलं. काट्यांमुळं कापायला मजूर मात्र एकही तयार होईना. घरच्यांनी हाताला जुन्या धोतराची फडकी गुंडाळली आणि पहाटेच्या गारव्यात, काटे नरम असतात तोवर, कापून घेतली.