पान्हा कोणाचा?

"आम्ही शुद्ध शाकाहारी, म्हणजे व्हीगनच की!" असं अनेक जण मनापासून सांगतात. पण दूध, तूप, पंचामृतातला मध यांतलं काहीच व्हीगन माणूस घेत नाही. रेशमी पैठणी आणि चामड्याची चप्पलही नाही. १९४४ साली इंग्लंडमध्ये डोनाल्ड वॉटसन आणि त्यांच्या सोबत्यांनी हा शब्द रूढ केला, तो दूध-अंडी चालणाऱ्या शाकाहारापासून वेगळं होण्यासाठीच. जनावर मारलं का, एवढंच ते विचारत नाहीत. आपल्यासाठी राबवलं का, हेही विचारतात.

आपण अडखळतो ते दुधापाशी. धार काढताना आधी वासरू सोडतात. ते आचळांना ढुशा देतं, गाय पान्हा सोडते आणि लगेच वासराला ओढून दाव्याला बांधतात. चरवी भरत जाते, ते दावं ताणून हंबरत राहतं. व्याल्याशिवाय गाय दूध देत नाही, म्हणून तिला पुन्हा पुन्हा गाभण ठेवावं लागतं. कालवड झाली तर ठीक. गोऱ्हा झाला तर ट्रॅक्टरच्या काळात त्याला कोण सांभाळणार? रेडकू नर निघालं तर त्याचे हाल आणखी वाईट.

गांधीजींना हे टोचलं होतं. कलकत्त्यात गाई-म्हशींचे होणारे हाल वाचून त्यांनी १९१२ मध्ये टॉलस्टॉय फार्मवर दूध सोडलं. पुढे मोठ्या आजारपणात कस्तुरबांच्या सुचवण्यावरून शेळीचं दूध घेतलं. व्रताचा शब्द राहिला, पण आत्मा गेला, अशी कबुली त्यांनी आत्मकथेत दिली. मला ही कबुली फार मोलाची वाटते. व्हीगन सोसायटीची व्याख्याही 'शक्य आणि व्यवहार्य असेल तितकं' असंच म्हणते. औषधाची कॅप्सूल जिलेटिनची असली, तरी आजाऱ्याने ती जरूर घ्यावी. आणि दुधाच्या पैशावर ज्यांची चूल पेटते, त्यांना नावं ठेवण्याचा हक्क शहरातल्या कुणालाच नाही.

खरेदी करताना मात्र एक ध्यानात ठेवा. पाकिटावरचा हिरवा ठिपका म्हणजे व्हीगन नव्हे. त्यात दूध, मध, मेण, लाखही चालते. व्हीगन पदार्थांसाठी २०२२ च्या नियमांनी वेगळं चिन्ह आणलं आहे.

पिठलं-भाकरी, मटकीची उसळ, ठेचा, शेंगदाण्याची चटणी यांत दुधाचा थेंब नसतो. सुरुवात तिथून करता येईल. त्याआधी एकदा धारेच्या वेळी गोठ्यात उभे राहा आणि चरवीकडे नाही, दाव्याकडे बघा.