ॲक्सलवरचा आकडा : ट्रेलर जोडण्यापूर्वी वाचावयाची पाटी

उन्हाळ्याच्या सुट्टीत पिकअप ट्रकमागे प्रवासी ट्रेलर जोडून राष्ट्रीय उद्यानांकडे निघण्याची रीत अमेरिकेत जुनी आहे. आपल्या कुटुंबांनाही आता तिची ओढ लागू लागली आहे. भारतातून आलेल्या आईवडिलांना देश दाखवावा, मुलांनी मोकळ्या आकाशाखाली चार रात्री काढाव्यात, स्वयंपाकघर सोबत असावे, असा हा साधा हिशेब असतो. मात्र यात आणखी एक हिशेब दडलेला असतो आणि तो बहुधा कोणी मांडत नाही. ट्रेलर विकत घेताना आपण पलंग किती, शीतकपाट केवढे, छत गळते का, हे पाहतो. ज्या दोन लोखंडी दांड्यांवर ते सारे घर ताशी ६० मैलांनी धावणार असते, त्यांची ताकद किती, हे पाहायचे राहून जाते.

ही ताकद लिहिलेली असते. अमेरिकेत विकल्या जाणाऱ्या प्रत्येक ट्रेलरच्या बाहेरील डाव्या बाजूस, पुढच्या अर्ध्या भागात, उत्पादकाची प्रमाणपत्र पाटी लावणे संघराज्याच्या नियमांनी बंधनकारक केले आहे. तिच्यावर दोन प्रकारचे आकडे असतात. जी. व्ही. डब्ल्यू. आर. या अक्षरांपुढील आकडा म्हणजे सामानासह संपूर्ण ट्रेलरचे कमाल अनुमत वजन. जी. ए. डब्ल्यू. आर. या अक्षरांपुढील आकडा म्हणजे एका ॲक्सलने पेलावयाचा कमाल भार. हा भार टायर जमिनीला टेकतो तेथे मोजलेला असतो.

दुसऱ्या आकड्याचा अर्थ नीट समजून घेण्याजोगा आहे. तो केवळ ॲक्सलच्या नळीची मजबुती सांगत नाही. ॲक्सल, स्प्रिंग, चाकाची रिम आणि टायर ही सारी एकच साखळी आहे आणि साखळीची ताकद तिच्या सर्वांत दुबळ्या कडीइतकीच असते. ॲक्सल ५,००० पौंडांचा असला, पण त्यावरचे दोन टायर मिळून ३,६०० पौंडच पेलत असतील, तर ५,००० हा आकडा निरुपयोगी ठरतो. उलट जाड टायर बसवले म्हणून मूळची मर्यादाही वाढत नाही. स्प्रिंग, त्यांचे टेकू आणि सांगाडा तेच राहतात.

आता एक प्रश्न उभा राहतो. पुष्कळ ट्रेलरांच्या पाटीवर दोन ॲक्सलांच्या मर्यादांची बेरीज एकूण मर्यादेपेक्षा कमी भरते. ही छपाईतली चूक नव्हे. ट्रेलर स्वतःच्या चाकांवर सगळे वजन पेलत नाही. त्याच्या पुढच्या टोकाचा काही भार हिचवर, म्हणजे ओढणाऱ्या वाहनावर येतो. हिचच्या गोळ्याला जोडल्या जाणाऱ्या प्रवासी ट्रेलरसाठी हा भार एकूण वजनाच्या साधारण १० ते १५ टक्के असावा, असा सर्वमान्य दंडक आहे. उत्पादकाने ॲक्सल निवडताना हा भार पुढे जाईल असे धरलेले असते. तो पुढे गेला नाही, तर मागच्या ॲक्सलांनाच तो वाहावा लागतो.

एक उदाहरण मांडून पाहू. समजा, एका ट्रेलरची एकूण मर्यादा ७,७०० पौंड आहे. ॲक्सल दोन, प्रत्येकी ३,५०० पौंडांचे, म्हणजे मिळून ७,००० पौंड. रिकाम्या ट्रेलरचे वजन ६,००० पौंड आहे. पाणी, गॅस, कपडे, अन्नधान्य, अवजारे भरल्यावर ते ७,६०० झाले. एकूण मर्यादेच्या आत १०० पौंड शिल्लक आहेत, म्हणून घरमालक निश्चिंत आहे. परंतु सामान मागच्या भागात रचल्यामुळे हिचवर केवळ ५०० पौंड पडत आहेत. उरलेले ७,१०० पौंड ॲक्सलांवर आहेत. म्हणजे एकूण वजन नियमात असूनही ॲक्सल मर्यादेबाहेर गेलेले आहेत. शिवाय हिचवरील भार साडेसहा टक्क्यांच्या आसपास उतरल्यामुळे हा ट्रेलर वाऱ्याच्या झोताने किंवा बाजूने जाणाऱ्या मोठ्या ट्रकमुळे शेपटीसारखा डोलू लागण्याचा धोकाही आहे. मांडणी एकच, संकटे मात्र दोन.

बैलगाडी हाकणाऱ्यांना हे तत्त्व कोणी शिकवावे लागत नसे. ओझे मागे गेले की गाडी उलाळ होते, जू वर उचलले जाते आणि बैलांच्या मानेला फास बसतो, हे त्यांना ठाऊक होते. ट्रेलरचे शास्त्र तेच आहे, फक्त वेग वाढला आहे.

सामानाची जागा बदलल्याने किती फरक पडतो, तेही आकड्यांत पाहता येते. हिचपासून ॲक्सलांच्या मध्यापर्यंतचे अंतर १६ फूट धरू. ॲक्सलांच्या ८ फूट मागे ४०० पौंड सामान ठेवले, तर तरफेच्या नियमाने ॲक्सलांवर ४०० नव्हे, ६०० पौंड येतात आणि हिचवरचा भार २०० पौंडांनी हलका होतो. हत्यारांची पेटी, घडीच्या खुर्च्या, पाण्याच्या बाटल्यांचे खोके असे हेच सामान ॲक्सलांच्या ४ फूट पुढे हलवले, तर ॲक्सलांवर त्याचे ३०० पौंड पडतात आणि हिचवर १००. वरच्या उदाहरणात एवढ्याने ॲक्सलांवरचा भार ७,१०० वरून ६,८०० वर येतो आणि हिचवरचा ५०० वरून ८०० होतो. एकही वस्तू घरी न ठेवता ट्रेलर मर्यादेत आला. अर्थात हे ८०० पौंड आता ओढणाऱ्या वाहनाने पेलायचे आहेत. त्याच्या मागच्या ॲक्सलची स्वतंत्र मर्यादा चालकाच्या दाराच्या चौकटीवर लिहिलेली असते आणि हिचवरही तिची क्षमता कोरलेली असते. दोन्ही तपासल्याखेरीज हा हिशेब पुरा होत नाही.

पाण्याचा विचार वेगळा करावा लागतो. एक गॅलन पाणी ८.३ पौंडांचे असते. ५० गॅलनची टाकी भरली की ४१५ पौंड झाले. म्हणूनच ट्रेलरच्या दाराजवळ लावलेल्या सामानक्षमतेच्या पाटीवर भरलेल्या पाण्याचे वजन निराळे नमूद केलेले असते आणि ते सामानातच धरायचे असते. ही टाकी ॲक्सलांच्या पुढे आहे की मागे, हे प्रत्येक ट्रेलरमध्ये वेगळे असते. मुक्कामी नळ असेल, तर वाटेत टाकी भरून नेण्याचे कारण नाही. सांडपाण्याच्या टाक्यांनाही हाच न्याय लागू आहे.

डावी-उजवी बाजूही विसरू नये. ३,५०० पौंडांच्या ॲक्सलच्या प्रत्येक टोकाला १,७५० पौंड येतील, असे कागदावर मानलेले असते. प्रत्यक्षात स्वयंपाकघर, शीतकपाट आणि बाहेर सरकणारी खोली एकाच बाजूला असू शकते. टायरची कमाल क्षमता समजा १,८२० पौंड आहे आणि त्या बाजूच्या चाकावर १,९०० पौंड पडत आहेत, तर ॲक्सलचा एकूण आकडा ठीक दिसत असतानाही तो टायर तापत राहील. टायरवर लिहिलेली क्षमता ही त्यावरच लिहिलेल्या हवेच्या दाबाला खरी असते आणि तो दाब टायर थंड असताना मोजायचा असतो. टायरवरील सांकेतिक अक्षरांच्या शेवटचे चार अंक त्याचे वय सांगतात. २३१९ म्हणजे २०१९ सालचा तेविसावा आठवडा. जुना ट्रेलर घेताना टायरची नक्षी शाबूत दिसते म्हणून समाधान मानू नये, हे अंक वाचावेत.

अतिभार एकदम दगा देत नाही. आधी तो खुणा देतो. टायर एका कडेने अधिक झिजतात, म्हणजे ॲक्सल वाकला असावा. थांब्यावर एका चाकाचा मध्यभाग इतरांपेक्षा अधिक तापलेला आढळतो, म्हणजे बेअरिंग किंवा ब्रेकची तपासणी हवी. स्प्रिंगा सपाट होतात, त्यांच्या पट्ट्यांची छिद्रे लांबट होतात. या खुणा न वाचल्या, तर शेवटचा इशारा महामार्गावर फुटलेल्या टायरच्या रूपाने मिळतो. त्या वेळी आपल्या गाडीत आपली मुले असतात आणि शेजारच्या मार्गिकेत दुसऱ्या कोणाची.

खरे वजन कळण्याचा एकच मार्ग म्हणजे वजनकाटा. महामार्गावरील ट्रक थांब्यांवर कॅट स्केलसारखे काटे असतात. त्यांच्या फळ्या वेगवेगळ्या असल्याने ट्रकचा पुढचा ॲक्सल, मागचा ॲक्सल आणि ट्रेलरचे ॲक्सल यांची वजने स्वतंत्र मिळतात. प्रवासाला निघताना असेल तसाच भरलेला ट्रेलर, माणसे ट्रकमध्ये बसलेली, अशा स्थितीत पहिले वजन करावे. तिसऱ्या फळीवरचा आकडा दोन ॲक्सलांच्या बेरजेशी ताडून पाहावा. मग भारवितरण करणाऱ्या हिचचे दांडे सैल करून एकदा ट्रेलरसह आणि नंतर ट्रेलर सोडून फक्त ट्रकचे वजन करावे. या दोहोंतील फरक म्हणजे हिचवरचा खरा भार. प्रत्येक चाकाचे वजन हवे असल्यास त्यासाठी वेगळी सुटी उपकरणे लागतात. एका बाजूला जड सामान असलेल्या ट्रेलरसाठी ती खटपट सार्थ ठरते.

जाहिरातीतील रिकाम्या ट्रेलरचे वजन, विक्रेत्याचे आश्वासन आणि आपला अंदाज, यांपैकी एकही या आकड्यांची जागा घेऊ शकत नाही. कपाटात जागा शिल्लक आहे याचा अर्थ ॲक्सलमध्ये ताकद शिल्लक आहे, असा होत नाही. म्हणून जुना ट्रेलर पाहायला जाल तेव्हा आधी पाटी वाचा आणि पाटीच नसेल तर सौदा तेथेच थांबवा. घेतल्यानंतर पहिल्या मोठ्या प्रवासापूर्वी काट्यावर जा. मिळालेले आकडे मर्यादांच्या शेजारी एका कागदावर लिहून कपाटाच्या दाराच्या आतून चिकटवा. पुढच्या वेळी कोणी आणखी एक खोके आत ठेवू पाहील, तेव्हा ते कोठे ठेवायचे किंवा ठेवायचे की नाही, याचे उत्तर तो कागदच देईल.