घंटा कोणासाठी वाजते? युद्धोत्तर जपानमधलं रेडिओ-टीव्हीचं गाणं

मागच्या वेळी आपण युद्धकाळातल्या जपानी रेडिओपाशी थांबलो होतो. १५ ऑगस्ट १९४५ ला त्याच रेडिओवर लोकांनी सम्राटाचा आवाज पहिल्यांदा ऐकला. आणि जेमतेम पाच महिन्यांनी, जानेवारी १९४६ मध्ये, एनएचकेच्या माइकसमोर साधी माणसं येऊन गायला लागली. कार्यक्रमाचं नाव 'नोदो जिमान', म्हणजे शब्दशः 'गळ्याचा अभिमान'.

आज आपल्याला हे किरकोळ वाटेल. टीव्ही लावला की कुठली ना कुठली गाण्याची स्पर्धा चालूच असते. पण युद्धात जाझ हे शत्रूचं संगीत ठरलेलं होतं आणि रेडिओवर काय वाजणार हे सरकार ठरवत होतं. त्या पार्श्वभूमीवर हा बदल बघा.

सुरुवातीला गाणं जमलं नाही की 'केक्को देस' असं सांगायचे. गंमत अशी की याचा अर्थ 'पुरे' असा होतो, तसाच 'छान' असाही. नापास झालेल्यांना वाटायचं आपण पास झालो! म्हणून मग घंटा आल्या.

म्हणजे दार उघडलं, पण दारावर परीक्षक होतेच. त्याच वर्षी योकोहामाची नऊ वर्षांची एक मुलगी गायला आली. आवाज पक्का, पण गाणं मोठ्यांचं. लहान मुलीनं लहान मुलीसारखं गावं, अशी परीक्षकांची समजूत. त्यांनी तिला पास केलं नाही. ही मिसोरा हिबारी. पुढे रंगमंच, रेकॉर्ड आणि सिनेमा यांनी तिला युद्धोत्तर जपानची सगळ्यात लाडकी गायिका केलं. आमच्या मते परीक्षकांचा कान चुकला नव्हता, चुकली ती सभ्यतेची कल्पना.

नंतर एनएचकेची मक्तेदारीही सुटली. १९५१ मध्ये खाजगी रेडिओ आला, १९५३ मध्ये टीव्ही. अमेरिकी लष्कराच्या रेडिओवरून जाझ तरुणांच्या कानावर पडतच होतं. एनएचकेचा 'कोहाकु' हा स्त्री-पुरुष गायकांचा सामना तर ३१ डिसेंबरचा घरगुती विधीच झाला. १९६३ साली ८१.४ टक्के घरांत तो लागला होता. (त्याच्या १९४५ च्या पूर्वावताराच्या नावात 'लढाई' हा शब्द ताबा प्रशासनाला चालला नव्हता, म्हणून तेव्हा 'सामना' म्हटलं गेलं.)

मग १९७१ मध्ये निप्पॉन टीव्हीवर 'स्टार तांजो' सुरू झालं. इथे अंतिम फेरीत निर्णय कोणाचा? समोर बसलेल्या रेकॉर्ड कंपन्या आणि एजन्सींचा. मुलगी हवी असेल तर ते पाटी वर करायचे. यातूनच यामागुची मोमोए आली. १९७३ मध्ये, चौदाव्या वर्षी, तिची पहिली रेकॉर्ड निघाली, आणि लवकरच तिला वयाला न शोभणाऱ्या, सूचक अर्थाच्या ओळी मुद्दाम लिहून दिल्या जाऊ लागल्या. ज्या कारणासाठी हिबारीला १९४६ मध्ये परत पाठवलं, तेच आता विकलं जात होतं.