उदार धर्माची पंगत

लखनऊ छावणीतील ऑल सेंट्स गॅरिसन चर्चसारख्या लष्करी प्रार्थनामंदिरांतून ब्रिटिश अमदानीत रविवारची उपासक मंडळी हुकुमाने जमत असे. पलटणीने संचलन करीत उपासनेस जावे, हा शिस्तीचाच एक भाग होता. ब्रिटिश सैन्यातील ही सक्ती १९४६ साली उठली. पण जेथे हुकूम नाही, जातीचा धाक नाही आणि माणसे केवळ विचार पटला म्हणून येतात, तेथे समाज कसा बांधावा? महाराष्ट्रात हा प्रश्न प्रार्थनासमाजापुढे उभा राहिला.

त्याच्या आधीची परमहंस सभा १८४९ साली स्थापन झाली. तिचे सभासद एकत्र बसून जातीला निषिद्ध असे अन्न खात. पण दार लावून. १८६० च्या सुमारास सभेची कागदपत्रे चोरीस गेली, नावे फुटण्याची भीती निर्माण झाली आणि सभा विखुरली. ३१ मार्च १८६७ रोजी स्थापन झालेल्या प्रार्थनासमाजाने हे गुप्ततेचे व्रत टाकले. मात्र त्याबरोबर जाती सोडण्याचा आग्रहही टाकला. गिरगावच्या मंदिरात रानडे आणि भांडारकर यांच्यासारख्यांची प्रवचने होत. उपासना संपली, की श्रोता आपापल्या घरी, म्हणजे आपापल्या जातीत, परतत असे. चोरून का होईना, परमहंसांनी जी पंगत मांडली होती, ती उघड्या मंदिरात मांडणे अधिक कठीण गेले.

विठ्ठल रामजी शिंदे १९०१ साली ऑक्सफर्डच्या मँचेस्टर कॉलेजात गेले, ते युनिटेरियन या उदारमतवादी ख्रिस्ती पंथाच्या साहाय्याने. या पंथाच्या मंदिरांना रविवारच्या उपासनेइतकेच इतर वारांच्या कार्याचे महत्त्व वाटे: मुलांच्या शाळा, वाचनमंडळे, चहाचे मेळावे, गरीब वस्त्यांतील सेवा. १९०३ साली ॲमस्टरडॅमच्या आंतरराष्ट्रीय परिषदेत हिंदुस्थानातील उदार धर्मावर निबंध वाचून शिंदे परतले आणि मुंबईच्या समाजाचे प्रचारक झाले. तरुणांचा संघ, उदार धर्माच्या ग्रंथांचा वाचनवर्ग, टपालाने धर्मसाहित्य पाठविण्याची योजना, अशी कामे त्यांनी हाती घेतली.

समाजाच्या वार्षिकोत्सवाकडे या दृष्टीने पाहावे. एकच मोठी सभा भरवून लोकांना निरोप देण्यापेक्षा उपासना, व्याख्यान, कीर्तन, स्त्रियांचा व मुलांचा मेळावा असे दिवसामागून दिवस कार्यक्रम ठेवले, तर आज मागच्या बाकावर बसलेला मनुष्य उद्या बैठका घालू लागतो. चौथ्या-पाचव्या भेटीत नाव विचारले जाते. आजारी माणूस आला नाही, हे ध्यानात येते. व्याख्यानाने हे साधत नाही, मग ते कितीही विद्वत्तापूर्ण असो. आणि प्रीतिभोजनाच्या दिवशी खरी कसोटी लागते. मत बदलणे सोपे. शेजारच्या पानाकडे न पाहता घास घेणे अवघड.

ही पंगत सुशिक्षितांपुरतीच राहिली, तर ती एक नवी जातच होईल, हा धोका शिंद्यांनी ओळखला होता. १८ ऑक्टोबर १९०६ रोजी त्यांनी मुंबईत परळला अस्पृश्य मुलांसाठी शाळा काढून निराश्रित साहाय्यकारी मंडळीचे कार्य आरंभिले. समाजातील अनेकांनी पैसा दिला, काहींनी श्रम दिले. घरचे दार उघडणारे मात्र थोडे. १९१२ च्या ऑक्टोबरात पुण्यात भांडारकरांच्या अध्यक्षतेखाली अस्पृश्यतानिवारणाची परिषद भरली, तेव्हा स्पृश्य आणि अस्पृश्य एका पंगतीस जेवावयास बसले. या वेळी दार लावलेले नव्हते.