अठरानंतर सोबत कोणाची?

नाशिकमध्ये विशेष मुलांच्या शिक्षणाचा विषय निघाला की रजनीताई लिमये यांचं नाव येतंच. स्वतःच्या मुलामुळे बौद्धिक अक्षमतेशी त्यांची गाठ पडली आणि १९७७ साली प्रबोधिनी विद्यामंदिर ही विशेष शाळा उभी राहिली. पुढे संरक्षित कार्यशाळाही आली, कारण शाळा संपल्यावर मुलं घरीच बसणार हे उघड होतं. एका आईने सुरू केलेल्या या कामाचा आजही अनेक घरांना आधार आहे. मात्र या कामाच्या कक्षेत न बसणारी काही तरुण मंडळी शहरात आहेत.

समजा, अंबडच्या औद्योगिक वसाहतीत, एका कंपनीत चोवीस वर्षांचा मुलगा आहे. डिप्लोमा फर्स्ट क्लासमध्ये झालाय. मशीन बिघडलं तर नुसत्या आवाजावरून सांगतो. पण सुपरवायझरने चालता चालता सांगितलेल्या चार कामांतली दोन विसरतो, कॅन्टीनच्या गोंगाटात त्याला जेवण जात नाही, आणि रजेचा अर्ज लिहायचाय लिहायचाय म्हणत महिना उलटतो. त्याला स्वमग्नता (ऑटिझम) असेल, एडीएचडी (लक्ष टिकवण्याची अडचण आणि अतिचंचलता) असेल, कदाचित दोन्ही. विशेष शाळेत तो कधी गेला नाही आणि कार्यशाळेत रमणारही नाही. डॉक्टर निदान करतील, लागली तर गोळी देतील. सोमवारी सकाळी कंपनीची बस गाठायची कशी, हे मात्र त्याला कोणी सांगत नाही. आजवर हे खातं आईकडेच आहे, बिनपगारी.

हे खातं घराबाहेरच्या कुणी सांभाळायचं, तर लाइफ कोच हवा. पण लाइफ कोच म्हटलं की आपल्याला हॉटेलच्या हॉलमध्ये कॉलर माइक लावून ‘तुम्ही करू शकता!’ असं ओरडणारे गृहस्थ आठवतात. अशा मुलांना त्यांचा काडीचा उपयोग नाही. करू शकतो हे त्यांना ठाऊक असतं, सुरुवात होत नाही हे दुखणं असतं. या मुलांचं कोचिंग फार बारीक आणि दिसायला कंटाळवाणं काम आहे. वेळ डोळ्यांना दिसेल असं घड्याळ लावायचं. ‘खोली आवर’ याऐवजी ‘आधी फक्त कपडे उचल’ इथपर्यंत काम तोडायचं. फोन करायची धास्ती असेल तर पहिली दोन वाक्यं कागदावर लिहून ठेवायची. कधी कधी तर शेजारी आपलं काम घेऊन नुसतं बसायचं. एडीएचडी असलेल्या अनेकांची कामं कोणी बाजूला बसलं की पुढे सरकतात. गर्दी आणि आवाजाचंही आधी ठरवायचं. सिंहस्थात नाशिक कसं भरतं ते सांगायला नको. त्या दिवसांत घराबाहेर कधी पडायचं, कानांवर काय लावायचं, फारच झालं तर परतायचं कोणत्या गल्लीने, हे ज्याच्या मेंदूला सगळे आवाज एकदम ऐकू येतात त्याच्यासाठी गरजेचं नियोजन आहे.

हे झालं घरातलं. दुसरी सोबत लागते ती खिडकीपाशी, म्हणजे बँकेत, कॉलेजात, कंपनीच्या एचआरसमोर. कायदा तसा बरा आहे. २०१६च्या दिव्यांग हक्क कायद्याने २१ प्रकार मान्य केले, त्यांत स्वमग्नता आणि विशिष्ट अध्ययन अक्षमता आहेत. एडीएचडीचं नाव त्या यादीत नाही, आणि अर्ध्या अडचणी तिथूनच सुरू होतात. प्रमाणपत्र नाही म्हटल्यावर समोरचा माणूस फाइल मिटतो. त्याला सांगावं लागतं की विकास कुमार विरुद्ध यूपीएससी या २०२१च्या निकालात सर्वोच्च न्यायालयाने ४० टक्के अपंगत्वाची अट दाखवून परीक्षेत लेखनिक नाकारणं चुकीचं ठरवलं, आणि २०२२मध्ये केंद्राने ४० टक्क्यांखालच्या, पण लिहायला अडचण असलेल्या परीक्षार्थींसाठी वेगळी मार्गदर्शक तत्त्वं काढली. वीस किंवा जास्त माणसं असलेल्या खासगी आस्थापनेलाही समान संधीचं धोरण लिहून ठेवावं लागतं आणि दिव्यांग कर्मचाऱ्यांसाठी संपर्क अधिकारी नेमावा लागतो. अंबड-सातपूरच्या कितीतरी कारखान्यांना हा नियम लागू पडेल. तो माहीत असलेला एक माणूस बरोबर असला की ‘कामं तोंडी न सांगता लिहून द्या’ ही मागणी लाडाची वाटत नाही.

अठरा पूर्ण झाल्यावर आणखी एक पेच पडतो. मुलगा कायद्याने सज्ञान होतो, आईवडिलांची सही चालेनाशी होते. मग घाईघाईने राष्ट्रीय न्यासाच्या १९९९च्या कायद्याखाली, जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालच्या स्थानिक समितीकडे पालकत्वाचा अर्ज जातो. काही घरांत तो आवश्यकच असतो. पण बँकेचा कारकून म्हणतो एवढ्यावरून कमावत्या मुलाचा निर्णयाचा हक्क काढून घेणं मला पटत नाही. २०१६च्या कायद्यात मर्यादित पालकत्व आहे: ठरावीक कामापुरतं, ठरावीक काळापुरतं, आणि निर्णय दोघांनी मिळून. हा पर्याय घरात कुणीतरी वेळेत सांगायला हवा.

इंग्लंडमध्ये अशी सोबत सरकारकडूनही मिळू शकते. तिथल्या २०१४च्या केअर ॲक्टने, ज्यांना आपली बाजू मांडणं फार अवघड जातं आणि मदतीला दुसरं योग्य माणूस नाही, अशांना स्वतंत्र ॲडव्होकेट (वकील नव्हे, बाजू मांडायला मदत करणारा माणूस) मिळवून देण्याची जबाबदारी स्थानिक प्रशासनावर टाकली. नोकरीतल्या कोचिंगसाठी तिथे सरकारी योजनेतून पैसेही मिळू शकतात. आपल्याकडे खर्च घरचा आणि शोधाशोधही घरचीच.

शोधताना जपून. क्लिनिकल सायकॉलॉजिस्ट किंवा विशेष शिक्षक भारतीय पुनर्वास परिषदेकडे नोंदलेले असतात. लाइफ कोच अशी पाटी मात्र उद्या कुणीही लावू शकतो. ‘तीन महिन्यांत नॉर्मल करतो’ असं म्हणणाऱ्याकडे दुसऱ्यांदा जाऊ नये. आधी कोणाबरोबर काम केलंय, औषधांबद्दल सल्ला देतो का (देऊ नये), डॉक्टरांशी बोलायची तयारी आहे का, हे विचारावं. आणि फी आईवडील भरत असले तरी भेट त्या मुलाची आहे. तिथे काय बोलणं झालं ते घरी सांगायचं की नाही, हे त्याने ठरवायचं.