चंदनाची झीज मोजायची कुणी?

दिवाळीत भाचा घरी आला तेव्हा आमचा जुना संगणक अखेरच्या घटका मोजत होता. सकाळी बटण दाबावं, चहाचं आधण ठेवावं, चहा पिऊन कप विसळून परत यावं, तेव्हा कुठे पडदा उजळायचा. भाच्यानं त्याचं पोट उघडलं, आतली घरघरणारी हार्ड डिस्क काढली आणि तिच्या जागी पत्त्यांच्या कॅटाहूनही पातळ अशी एक डबी बसवली. "मामा, ही एसएसडी. सॉलिड स्टेट ड्राइव्ह. हिच्यात फिरणारं, घासणारं काहीच नाही." संगणक खरोखरच चुटकीसरशी सुरू झाला. मी खूश झालो. सौ. माझ्याहून खूश झाली, कारण ती घरघर एकदाची थांबली.

पण मला एक जुनी खोड आहे, बँकेतल्या नोकरीनं लावलेली. लेजरमध्ये नोंद केली की तिथल्या तिथं इनिशियल मारायची, उद्यावर ढकलायचं नाही. कादंबरी लिहितानाही मी दर वाक्यागणिक फाईल 'सेव्ह' करतो. ते पाहून भाचा हसत म्हणाला, "मामा, जपून हं. हिच्यातली प्रत्येक जागा ठरावीक वेळाच पुसता येते. मग ती मरते." एवढं बोलून तो खुशाल झोपी गेला. मी मात्र आढ्याकडे बघत पडलो. तीनशे पानांचं मरण मीच ओढवून घेतोय की काय?

सकाळी त्याला समोर बसवलं आणि विचारलं, "जिथं काही घासतच नाही, तिथं झिजतं काय?"

त्यानं सांगितलं ते असं. या जातीच्या स्मृतीला 'फ्लॅश मेमरी' म्हणतात. जपानच्या तोशिबा कंपनीतले अभियंते फुजिओ मासुओका यांनी ती १९८४ साली जगापुढे मांडली आणि १९८७ साली तिचा 'नँड' हा प्रकार. आज आपल्या मोबाइलमध्ये, पेनड्राइव्हमध्ये आणि एसएसडीत असतो तो हाच. साठवलेलं सारं एका फटक्यात पुसलं जातं हे पाहून त्यांच्या एका सहकाऱ्याला कॅमेऱ्याचा फ्लॅश आठवला आणि तेच नाव रूढ झालं.

या चिपमध्ये अब्जावधी सूक्ष्म कोठड्या असतात. त्यांच्या भिंतींतून वीज सहजी जात नाही. आत इलेक्ट्रॉन कोंडलेले असले की एक अर्थ, नसले की दुसरा. घरातली वीज गेली तरी कैदी आतच राहतात, म्हणून आपला मजकूर टिकतो. गंमत अशी की, या कोठडीला दारच नाही! कैदी आत घालायचे किंवा बाहेर काढायचे, तर विजेच्या जोरानं त्यांना भिंतीतूनच आरपार ढकलावं लागतं. दर खेपेला भिंत थोडी थोडी दुबळी होते आणि हजारो खेपांनंतर अशी वेळ येते की, आत कोंडलेले कैदी आत राहतील याचा भरवसा उरत नाही. हीच झीज. एका कोठडीत एकच 'बिट' ठेवणाऱ्या जुन्या, महागड्या चिपा सुमारे एक लाख वेळा पुसणं सोसत. आता एकेका कोठडीत तीन-तीन, चार-चार बिट कोंबतात. वस्तू स्वस्त झाली, पण सोसण्याची ताकद हजार ते तीन हजार खेपांवर आली, काही चिपांत त्याहूनही खाली. शिवाय लिहिता येतं एकेक पान, पण पुसायचं तर शेकडो पानांचा अख्खा गठ्ठाच पुसावा लागतो.

मी सवयीनं कागद ओढला आणि हिशोब मांडला. मिनिटाला एकदा सेव्ह, दिवसाचे आठ तास, म्हणजे ४८० वेळा. दर वेळी तीच जागा पुसून तिथंच लिहिलं, तर तीन हजार खेपांचं आयुष्य सातव्या दिवशी संपणार. रविवारी सुरू केलेलं प्रकरण शनिवारी जागेसकट गेलं!

असं होत नाही, कारण त्या डबीत एक छोटा कारभारी बसवलेला असतो. त्याला 'कंट्रोलर' म्हणतात. संगणक त्याला सांगतो, अमुक क्रमांकाच्या जागी लिही. हा मुकाट्यानं मान डोलावतो आणि लिहितो भलत्याच ठिकाणी, जी जागा मोकळी आहे आणि कमी झिजली आहे तिथं. मग आपल्या वहीत टिपून ठेवतो की, अमुक क्रमांकाचा मजकूर आता इथं आहे. जुनी जागा रद्द समजायची, पुढं सवडीनं पुसायची.

हे ऐकून मला हसूच आलं. आमच्या लेजरचं तरी दुसरं काय होतं? किराणा दुकानदाराच्या खात्याचं पान महिन्याभरात भरायचं आणि खातं पुढच्या फोलिओवर जायचं. खातं नेमकं कुठं आहे, हे इंडेक्स सांगायचा. गिऱ्हाईकाचा खाते क्रमांक मात्र तोच. आपलं पान बदललं याची त्या बिचाऱ्याला खबरही नसायची.

हा कारभारी आणखी एक वही ठेवतो. कोणता गठ्ठा आजवर किती वेळा पुसला गेला, याची. त्या नोंदी पाहून तो काम असं वाटतो की, सगळी घरं साधारण सारखीच झिजावीत. याला 'वेअर लेव्हलिंग' म्हणतात. त्याच्या जिवावर १ टेराबाइटच्या कित्येक ड्राइव्हना एकूण ६०० टेराबाइट लिहिण्याची हमी मिळते. माझी कादंबरी फार तर २ मेगाबाइटची. दिवसाला ४८० वेळा सेव्ह केली तरी १ गिगाबाइट भरत नाही. संगणकाची इतर उठाठेव बाजूला ठेवली, तर हिशोब सोळाशे वर्षांवर जातो. तेवढी प्रकरणं माझ्या हातून होणं नाही.

इथवर सगळं गमतीचं होतं. पुढं भाच्यानं जे सांगितलं, त्यानं मला तीस वर्षं मागं नेलं.

तो म्हणाला, "मामा, तुझ्या लग्नाचे फोटो या ड्राइव्हवर टाकलेत. ते कुणी बदलत नाही, पुसत नाही. म्हणजे ते ज्या जागेवर बसलेत ती जागा कायम कोरी करकरीत राहणार आणि रोजच्या कामाचा मार उरलेल्या जागा खाणार. म्हणून कंट्रोलर अधूनमधून त्या फोटोंनाही उठवतो. त्यांना झिजलेल्या जागेवर नेऊन बसवतो आणि त्यांची ताजी जागा कामाला लावतो."

मी गप्पच झालो.

१९९३ साली मी एका तालुक्याच्या गावी शाखा व्यवस्थापक होतो. शाखेत एक कारकून बाई होत्या. क्लिअरिंग त्यांच्याकडे, लेजरचं बॅलन्सिंग त्यांच्याकडे, सहामाही क्लोजिंगला चाळीस पैशांचा फरक सापडेना की तोही त्यांच्याकडे. कधी 'नाही' म्हणाल्या नाहीत, म्हणून कामाचा कागद आपसूक त्यांच्याच टेबलावर जायचा. आणि कोपऱ्यात, जुन्या रेकॉर्डच्या कपाटाशी, एक गृहस्थ अकरा वर्षं आवक-जावक सांभाळत बसले होते. कामचुकार नव्हते बरं का! त्यांना कुणी उठवलंच नव्हतं. उठवायचं म्हणजे शिकवणं आलं, कुरकुर आली, चार दिवस काउंटरवर गोंधळ आला. मी सोपी वाट धरली. माझ्यानंतर आलेल्या साहेबांनीही तीच धरली.

२००१ साली सरकारी बँकांतल्या स्वेच्छानिवृत्तीच्या लाटेत बाईंनी नोकरी सोडली. पंधरा वर्षं शिल्लक होती, पण उजव्या मनगटानं दगा दिला होता. निरोप समारंभाला मी मुद्दाम गेलो आणि भाषणात म्हणालो, "बाई संस्थेसाठी चंदनासारख्या झिजल्या." टाळ्या पडल्या. नारळ दिला, शाल दिली. त्यांच्या जागी त्या कोपऱ्यातल्या गृहस्थांना बसवलं. महिन्याभरात ते क्लिअरिंग बिनचूक करू लागले.

चंदनाचं आपल्याकडं फार कौतुक. सहाणेवर खोड झिजतं आणि गंध लावून आपण प्रसन्न होतो. खोड किती उरलं, हे कुणी बघत नाही. त्या डबीतला कारभारी कुणाचं कौतुक करत नाही, तो नुसता मोजतो. झिजलेल्या जागेला तो लगेच टाकूनही देत नाही, तिला फोटो सांभाळण्याचं निवांत काम देतो. उगाच कुणाला हलवतही नाही, कारण प्रत्येक बदलीत थोडी झीज होतेच. दोघांमधली तफावत फार वाढली तरच हलवतो. बँकांच्या बदल्यांनी उसवलेले संसार ज्यांनी पाहिलेत, त्यांना या शहाणपणाचं मोल कळेल.

पण नुसत्या समान वाटपानं सगळं भागत नाही. २०२१ साली अमेरिकेत टेस्लाला मॉडेल एस आणि मॉडेल एक्स या जातींच्या सुमारे १ लाख ३५ हजार मोटारी दुरुस्तीसाठी परत बोलवाव्या लागल्या. त्यांच्या पडद्यामागच्या यंत्रणेत ८ गिगाबाइटची एक फ्लॅश चिप होती, प्रत्येक गठ्ठा साधारण तीन हजार वेळा पुसणं सोसणारी. मोटार चालू असताना बारीकसारीक नोंदी तिच्यावर सतत लिहिल्या जात. पाच-सहा वर्षांत चिप संपे आणि मोटार मागं घेताना दिसणारं चित्रच नाहीसं होई. आठ घरांत शंभर घरांचं काम सारखं वाटलं, तर आठही घरं एकदमच थकणार. तिथं वाटणीचा दोष नसतो, एकूण कामच कमी करावं लागतं किंवा माणसं वाढवावी लागतात.

म्हणूनच एसएसडीत काही जागा आपल्याला न दाखवता राखून ठेवतात. आमच्याकडे त्याला 'लीव्ह रिझर्व्ह' म्हणत. कुणी रजेवर गेलं, आजारी पडलं, तर उभं राहायला एक जास्तीचा माणूस. मोठे साहेब खर्च कापायला बसले की पहिली कात्री त्यालाच लागायची. आपणही ड्राइव्ह काठोकाठ भरतो, तेव्हा तेच करत असतो. मोकळी जागा उरली नाही की कारभाऱ्याला साध्या नोंदीसाठीही सामान इकडून तिकडं हलवावं लागतं आणि झीज वाढते. तेव्हा थोडी जागा रिकामी ठेवावी. आणि कारभारी कितीही हुशार असला तरी महत्त्वाच्या फायलींची एक प्रत दुसरीकडे ठेवावीच, कारण ही डबी जाते तेव्हा पुष्कळदा घरघरून सूचना देत नाही.

भाचा गेल्यावर मी बाईंना फोन लावला. इतक्या वर्षांनी. "बाई, हात कसा आहे?"

"बरा आहे, साहेब. पोळ्या लाटताना दुखतो थोडा." मग हसून म्हणाल्या, "तेव्हा विचारलं असतंत तर बरं झालं असतं."

यावर बोलण्यासारखं माझ्याजवळ काही नव्हतं.

त्या आठवड्यात मी कॅलेंडरच्या मागच्या बाजूला, दुधाच्या हिशोबाशेजारी, दोन रकाने आखले. एक सौ.चा, एक माझा. सकाळचं दूध, भाजी, कुकर, भांडी, औषधाच्या गोळ्यांची आठवण, पाहुण्यांचे फोन. ज्यानं केलं त्याच्या रकान्यात रेघ. शनिवारी बेरीज केली. आकडे इथं देत नाही, बँकेतल्या माणसाला एवढी गुप्तता पाळता येते. सौ. चष्मा लावून तो कागद बराच वेळ बघत होती. मग म्हणाली, "मोजून झालं असेल, तर कुकर लावा."